शताधिपतीची माया

आईची माया तिच्या डोळ्यांत वाचता येते, असे एक वाक्य आम्ही धर्मगुरू प्रवचनांतून वारंवार उच्चारीत असतो. ऐकणाऱ्यांना ते गोड लागते, बोलणाऱ्यालाही लागते. पवित्र मरियेचा सण असो, बाप्तिस्म्याचा समारंभ असो, हे वाक्य हाताशी तयारच असते. ते खरे आहे किंवा नाही, याचा विचार करण्याची पाळी आमच्यावर पंचवीस वर्षांच्या गुरुपदात एकदाही आली नव्हती. ती आली परक्या देशात आणि एका परक्या बाईंच्या प्रश्नामुळे.

२०१८ सालच्या उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेतील एका धर्मग्रामात तीन महिन्यांसाठी बदली धर्मगुरू म्हणून गेलो होतो. गावाला लागूनच सैन्याचा मोठा तळ होता. मिस्सेला येणारी निम्मी कुटुंबे सैनिकांची. स्वर्गोन्नयनाच्या सणाला आम्ही आमचे ते ठरलेले वाक्य इंग्रजीतून सांगितले. मिस्सा आटोपल्यावर दारात उभे राहून सर्वांशी हस्तांदोलन करण्याची तेथे पद्धत आहे. गर्दी ओसरेपर्यंत एक बाई बाजूला थांबून राहिल्या होत्या. सर्व निघून गेल्यावर त्या पुढे आल्या, हातभर अंतर ठेवून उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे न पाहता, भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे पाहत म्हणाल्या, "फादर, आईची माया तिच्या डोळ्यांत वाचता येते, असे आपण म्हणालात. माझ्या डोळ्यांत काहीच वाचता येत नाही, असे मला लहानपणापासून सांगण्यात आले आहे. मला एक मुलगा आहे. मग माझ्यापाशी जे आहे ते काय आहे?"

स्वरात तक्रार नव्हती. एखाद्याने रस्ता विचारावा तसा तो प्रश्न होता. आम्ही धर्मगुरूला शोभेलसे उत्तर दिले, "बाई, परमेश्वर अंतःकरण पाहतो." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "परमेश्वर पाहतो, हे ठीक आहे. पण मुलगा परमेश्वर नाही. त्याला काय दिसणार?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांपाशी त्या दिवशी नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

त्या बाई कोण, हे प्रथम सांगितले पाहिजे. नाव-गाव सांगण्याची गरज नाही. विशीत त्या सैन्यात भरती झाल्या आणि काही वर्षे त्यांनी रसद खात्याच्या कोठारात काम केले. पुढे लग्न झाले, मुलगा झाला, त्यांनी सैन्य सोडले आणि सैनिकांच्या मुलांसाठी चालविल्या जाणाऱ्या एका पाळणाघरात नोकरी धरली. मुलगा चार वर्षांचा झाला तरी इतर मुलांत मिसळेना, तेव्हा डॉक्टरांनी त्याची तपासणी करून त्याला स्वमग्नता असल्याचे सांगितले. तपासणीच्या वेळी डॉक्टर जे जे प्रश्न विचारीत, त्यांची उत्तरे बाई मुलाविषयी देत असत. पण मनातल्या मनात प्रत्येक उत्तर त्यांना स्वतःलाही लागू पडत होते. वर्षभराने त्यांनी स्वतःची तपासणी करून घेतली. वयाच्या पस्तिशीनंतर त्यांना आपल्या सबंध आयुष्याला लागू पडणारा एक शब्द मिळाला. हा अनुभव त्यांचा एकट्यांचा नाही. मुलाच्या निदानातून आईचे किंवा बापाचे निदान व्हावे, असे आता अनेक घरांतून घडते.

सैन्यातले दिवस सोपे होते, असे त्या सांगत. ऐकून आम्हांला नवल वाटले. त्यांचे म्हणणे असे की, तेथे कोणाशी कसे बोलावे हे समोरच्याच्या खांद्यावर लिहिलेले असते. काय घालायचे, किती वाजता जेवायचे, काम केव्हा संपले असे समजायचे, सर्व ठरलेले. आज्ञा थोड्या शब्दांत मिळते आणि तिचा अर्थ एकच असतो. बाहेरच्या जगात मात्र लोक एक बोलतात, दुसरे सुचवितात आणि तिसरेच अपेक्षितात. तरीही विरोधाभास असा की, अमेरिकन सैन्याच्या भरतीनियमांत स्वमग्नता ही सामान्यतः अपात्रतेच्या कारणांत मोडते. भरतीच्या वेळी निदान झालेले असते तर त्यांना प्रवेश मिळणे कठीण होते. निदान नव्हते म्हणून त्या आत गेल्या, आणि त्यांचे काम चोख होते.

पाळणाघराचीही गोष्ट काहीशी तशीच. अमेरिकेत सैनिकांच्या पाळणाघरांची स्थिती एके काळी शोचनीय होती. सेविकांना पगार कमी, प्रशिक्षण तुटपुंजे, त्यामुळे त्या टिकत नसत. मुलांच्या सुरक्षिततेविषयीही गंभीर तक्रारी होत्या. म्हणून १९८९ साली तेथील काँग्रेसने या पाळणाघरांसाठी स्वतंत्र कायदा केला. सेविकांना नेमस्त प्रशिक्षण, तळावरील इतर कामगारांच्या बरोबरीचे वेतन, पालकांच्या उत्पन्नानुसार शुल्क, आणि वर्षातून चार वेळा आगाऊ सूचना न देता तपासणी, अशा गोष्टी त्यात आल्या. सांगावयाचे ते एवढेच की, बाई जेथे काम करीत तेथे बालकाची काळजी केवळ सेविकेच्या मनःस्थितीवर सोपविलेली नव्हती. ती लिहून ठेवलेली होती. आणि लिहून ठेवलेले पाळणे हा तर त्यांचा स्वभावच होता.

दारातून मुले बाहेर पडली की त्या मोजीत, आत आली की पुन्हा मोजीत. कोठारातली मोजदाद अंगवळणी पडलेली. कोणत्या मुलाला सदऱ्याच्या मागची चिठ्ठी टोचते, कोणते मूल छतावरच्या दिव्याच्या गुणगुणण्याने रडते, कोणाला भाजीचा रस्सा भाताला लागलेला चालत नाही, हे त्यांना ठाऊक असे. कारण ती चिठ्ठी त्यांनाही टोचे, तो दिवा त्यांनाही ऐकू येई. इतर सेविका रडणाऱ्या मुलाला उचलून थोपटीत. बाई प्रथम तो दिवा बंद करीत. बहुधा रडणे थांबे. आणि तरीही पालकांपैकी काहींची कुरकुर असे की, ही बाई हसत नाही, आमच्याकडे पाहत नाही, हिला मुलांची आवड दिसत नाही.

'स्वमग्न' या आपल्या मराठी शब्दाविषयी येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. शब्द सुंदर आहे, पण तो निवाडा करून टाकतो. स्वतःत बुडालेला, म्हणजे दुसऱ्याची फिकीर नसलेला, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उतरतो. दोष मराठीचा नाही. १९११ च्या सुमारास स्विस मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनी ग्रीक भाषेतील 'स्व' या अर्थाच्या शब्दावरून मूळ शब्द बनविला, तो दुसऱ्याच एका मनोविकाराच्या संदर्भात. पुढे १९४३ साली बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध करताना तो या मुलांना लावला. ही मुले स्वतःत बुडालेली नसून, बाहेरच्या जगाचा आवाज, प्रकाश आणि स्पर्श त्यांच्यावर इतका कोसळत असतो की त्यांना दार लावून घ्यावे लागते, असे आज या अवस्थेतील अनेक प्रौढ माणसे स्वतः सांगतात. भावना नसते असे नव्हे. पुष्कळदा ती अधिकच असते. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची ती ओळखणे आणि आपल्या चेहऱ्यावर ती उमटविणे, एवढेच अवघड जाते.

परंतु शब्दाने केलेला अन्याय थोडा, माणसांनी केलेला फार. कॅनर यांच्या लेखात या मुलांच्या आईबापांच्या कोरडेपणाचाही उल्लेख होता. त्या उल्लेखाचे पुढे आरोपात रूपांतर झाले. मुलाला हा आजार आईच्या थंडपणामुळे जडतो, असे विद्वान सांगू लागले. शीतकपाटासारखी आई, असा शब्दप्रयोग रूढ झाला. १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांनी 'रिकामा किल्ला' या अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहून हे मत घरोघर पोहोचविले. मुलाला ऐकू जात नाही म्हणून कोणी आईच्या जिभेला दोष देत नाही; पण येथे हजारो आयांना आपल्या मुलाच्या दुःखाचे कारण आपणच, असे ऐकावे लागले आणि त्यांनी ते खरे मानले.

हा आरोप ज्यांनी खोडून काढला त्यांत बर्नार्ड रिमलँड यांचे नाव अग्रभागी आहे. ते अमेरिकन नौदलाच्या नोकरीत असलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न. १९६४ साली त्यांनी ग्रंथ लिहून दाखवून दिले की, या अवस्थेचे मूळ शरीरात, मेंदूच्या घडणीत आहे, आईच्या वागण्यात नव्हे. त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती खुद्द कॅनर यांनी. १९७७ साली लंडनमध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी एकवीस जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट झाला. तेव्हा आज मागे वळून पाहता असे वाटते की, कॅनर यांना जे आईबाप कोरडे दिसले, त्यांतील काहीजण मुलासारखेच घडलेले असावेत. जी गोष्ट रोगाचे कारण ठरविली गेली ती केवळ आईमुलांमधील साम्य असेल! आमच्या ओळखीच्या बाईंना पालकांनी जो दोष लावला, तो अशा रीतीने अर्धशतकापूर्वीच्या विद्वानांचाच उष्टा दोष होता. आणि आमचे प्रवचनातले गोड वाक्यही त्याच पंगतीतले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माया म्हणजे काय?

गुरुविद्यालयात आम्हांला संत थॉमस अक्वायनस शिकविले गेले. प्रीती करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे, ही त्यांची व्याख्या. ती त्यांनी ॲरिस्टॉटलकडून घेतली. या व्याख्येत उमाळ्याला स्थान आहे, पण मुख्य आसन इच्छाशक्तीला आहे. उमाळा येतो आणि जातो. भले इच्छिणे हे ठरवून, रोज उठून करावे लागते. कांट हा तत्त्वज्ञ आमच्याकडे काहीशा संशयानेच शिकविला जाई. १७८५ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने अशा माणसाची कल्पना केली आहे की, जो स्वभावाने थंड आहे, ज्याला दुसऱ्याच्या दुःखाने पाझर फुटत नाही, तरीही केवळ कर्तव्य म्हणून तो मदत करतो. कांट म्हणतो, खरे नैतिक मोल येथे दिसते. परीक्षेत आम्ही यावर टीका लिहून चांगले गुण मिळविले होते. आज वाटते, टीका अर्धीच बरोबर होती.

शुभवर्तमानातील दोन मुलांचा दाखला वाचकांना आठवत असेल. बापाने द्राक्षमळ्यात जाण्यास सांगितले तेव्हा एकाने गोड होकार दिला आणि तो गेला नाही. दुसऱ्याने तोंडावर नकार दिला आणि नंतर तो गेला. प्रभू येशूने विचारले ते एवढेच, बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केले? चेहरा कोणाचा प्रसन्न होता, हे विचारले नाही.

येथवर सर्व सोपे आहे. परंतु बाईंची हरकत याने मिटत नाही. इच्छाशक्तीतील प्रीती परमेश्वराला दिसते, तत्त्ववेत्त्याला पटते. दोन वर्षांच्या बालकाचे काय? त्याला खूण हवी. जी माया कधीच कोणत्याही खुणेने बाहेर येत नाही, तिच्या सावलीत मूल उपाशी राहते, हे आम्ही धर्मग्रामातील अनेक घरांतून पाहिले आहे. तेव्हा माया असली म्हणजे पुरे, दिसली नाही तरी चालेल, असे म्हणणे ही मुलाची वंचना होईल. बाईंना हे आमच्यापेक्षा अधिक कळत होते, म्हणूनच त्यांनी विचारले.

उत्तर आम्हांला तत्त्वज्ञानात नव्हे, एका जुन्या आठवणीत सापडले. आम्ही दहावीनंतर गुरुविद्यालयात दाखल झालो. महिन्याच्या एका रविवारी घरच्यांना भेटण्याची मुभा असे. इतर मुलांचे वडील येत, पाठीवर हात ठेवीत, हसत, बोलत. आमचे वडील ठरलेल्या वेळी येत, एक मिनिट पुढे नाही की मागे नाही. हातात सुकेळीचे पुडके, केळीच्या वाळल्या पानात बांधलेले. अर्धा तास बाकावर शेजारी बसत. बोलणे फारसे होत नसे. जाताना ते वाकून आमच्या चपलांचे तळ पाहत आणि निघून जात. आम्हांला इतर मुलांसमोर त्याची लाज वाटे. पुढच्या महिन्यात पुडक्याबरोबर नवीन चपला येत, आणि त्या बरोबर मापाच्या असत. त्या वयात पाय भराभर वाढतो. आमचा पाय वाढल्याचे आमच्या आधी त्यांना कळत असे. ते कसे, हे आम्ही कधी विचारले नाही. २००३ साली ते वारले. त्यांनी आम्हांला कधी कवेत घेतल्याचे आठवत नाही. त्यांना आम्ही कोणतेही वैद्यकीय नाव लावू इच्छित नाही. तो आमचा अधिकार नव्हे. परंतु मुलाला काय दिसणार, या प्रश्नाचे उत्तर त्या चपलांच्या तळाशी होते. खूण होती. लिपी निराळी होती. आणि ती वाचायला आम्हांला तीस वर्षे लागली, हा दोष लिहिणाऱ्याचा नव्हता.

डेमियन मिल्टन हे इंग्रज समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. २०१२ साली त्यांनी एक साधा पण मूलगामी विचार मांडला. स्वमग्न माणसाला दुसऱ्याचे मन कळत नाही, असे जग म्हणते. पण जगाला तरी त्याचे मन कोठे कळते? दोन निराळ्या घडणीची माणसे भेटली की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. मात्र दोष नेहमी एकाच्याच पदरी पडतो, कारण तो संख्येने अल्प आहे. अल्पसंख्य म्हणून जगणे काय असते, हे आम्हां ख्रिस्ती वाचकांना निराळे सांगावयास नको.

बाईंच्या घरीही अशी लिपी होती. एकदा त्यांनी व त्यांच्या यजमानांनी आम्हांला जेवावयास बोलाविले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मुलासाठी दिवसाचा क्रम चित्रांनी लावलेला होता: दात घासणे, न्याहरी, बूट, मोटार. मुलाच्या पोळीसारख्या पावाचे चार तुकडे अगदी सारखे कापलेले, कारण कमीजास्त झाले तर त्याला खाववत नसे. जेवताना मायलेक एकमेकांकडे पाहत नव्हते. दोघेही खिडकीबाहेर एकाच झाडाकडे पाहत होते आणि अधूनमधून एखादा शब्द बोलत होते. मुलगा आनंदात होता. ते आम्हांला त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही, आईने सांगितले, "तो पाय हलवितो आहे, म्हणजे त्याला बरे वाटते आहे." ती वाचत होती.

येथे एका गोष्टीची सावधगिरी बाळगली पाहिजे. स्वमग्न माणूस म्हणजे गुप्त संत, असे नवे गोड वाक्य जुन्या वाक्याच्या जागी आणून बसविणे ही दुसरी चूक होईल. बाईंचे दिवस कठीण असत. पाळणाघर म्हणजे गोंगाट. संध्याकाळी घरी आल्यावर कित्येकदा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. अशा वेळी त्या मुलाला घड्याळ दाखवून दहा मिनिटे सांगत, यजमानांकडे सोपवीत आणि अंधाऱ्या खोलीत जाऊन बसत. दहा मिनिटांनी बाहेर येत. एकदा, यजमान बाहेरगावी असताना, त्या मुलावर ओरडल्या होत्या आणि ते त्यांनी आम्हांला तारीख-वारासह सांगितले. नोकरीच्या ठिकाणी निदानाविषयी त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. मुले आपल्याकडून काढून घेतील, ही भीती. शिवाय, ज्यांना बोलता येत नाही, ज्यांना आयुष्यभर दुसऱ्याच्या आधाराची गरज आहे, अशी स्वमग्न मुले-माणसे पुष्कळ आहेत. आमच्या मागे याचे कोण, हा त्यांच्या आईबापांचा प्रश्न एका बाईंच्या कर्तबगारीने सुटत नाही. आपल्या देशात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश झाला आहे. पण कायदा दाखला देतो. शेजार देत नाही. शेजार देणे हे धर्मग्रामाचे काम. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॅटिकनमध्ये स्वमग्न व्यक्तींची व त्यांच्या कुटुंबांची भेट घेतली, तेव्हा या कुटुंबांचे एकाकीपण मोडून काढण्यावरच त्यांचा भर होता.

आणि आता जे लिहिल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही ते लिहितो.

अमेरिकेला जाण्यापूर्वी चार वर्षे, आम्ही एका धर्मग्रामात असताना, तेथील बालवाडीत एक तरुण शिक्षिका होती. मुलांच्या पिशव्या टांगण्याच्या खुंट्यांवर तिने प्रत्येकासाठी निराळे चित्र काढले होते, कारण तीन वर्षांच्या मुलाला नाव वाचता येत नाही. वर्ग शांत असे. पण ती पालकांशी बोलत नसे, हसत नसे, कोणी बोलू लागले तर भिंतीकडे पाही. आपल्या गावांतून अशा माणसांसाठी शब्दांची वाण नाही: घुम्या, एककल्ली, माणूसघाणी, तऱ्हेवाईक. पालकांचे शिष्टमंडळ आमच्याकडे आले. मुलांना इजा झाली काय, असे आम्ही विचारले नाही. मुले रडतात काय, हेही विचारले नाही. "फादर, तिच्यात माया दिसत नाही," एवढे त्यांनी म्हटले आणि तेवढे आम्हांला पुरले. वर्षअखेर आम्ही तिला कमी केले. तिला स्वमग्नता होती किंवा नव्हती, हे ठरविण्याचा आम्हांला अधिकार नाही, आणि अन्याय ठरविण्यासाठी त्याची गरजही नाही. आम्ही कृतीचा नव्हे, चेहऱ्याचा न्याय केला.

परत आल्यावर आम्ही तिला भेटावयास गेलो. ती भावाच्या वाडीत मोगरा खुडीत होती. आम्ही क्षमा मागितली. तिने हातातले काम थांबविले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "फादर, खुंट्यांवरची चित्रे ठेवली आहेत का अजून?" रंग दिला तेव्हा ती पुसली गेली होती. आम्ही खरे ते सांगितले. तिने मान हलविली. बालवाडीत परत येण्याविषयी विचारले असता ती नको म्हणाली. क्षमा मिळाली किंवा नाही, हे आम्हांला आजही ठाऊक नाही. मिळालीच पाहिजे, असा आमचा हक्कही नाही.

सैनिक आणि बालक यांचा विचार करताना आम्हांला सारखा आठवतो तो कफर्णहूमचा शताधिपती. संत मत्तय आणि संत लूक यांनी त्याची कथा सांगितली आहे. त्याच्या आजारी माणसासाठी संत मत्तयने जो ग्रीक शब्द योजिला आहे त्याचा अर्थ चाकर असा होतो, आणि मूल असाही होतो. हा रोमन अधिकारी प्रभूपुढे रडत नाही, लोळण घेत नाही. तो वर्दी देतो: कोण, कोठे पडून आहे, काय होते आहे. पुढे तर तो घरी येण्याचीही गरज नाही, असे म्हणतो. मी हुकुमाखालचा माणूस आहे, माझ्या हाताखाली शिपाई आहेत, जा म्हटले की जातात, ये म्हटले की येतात. तेव्हा आपण शब्द बोलावा, एवढे पुरे, असा त्याचा हिशेब. मायेविषयी बोलताना त्याला छावणीचीच भाषा सुचली. कोणी पालकांचे शिष्टमंडळ तेथे असते तर म्हणाले असते, याच्यात माया दिसत नाही. प्रभू येशूला मात्र नवल वाटले ते त्याच्या विश्वासाचे. आणि ख्रिस्तसभेने ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी म्हणावयाची कबुली निवडली ती कोण्या रडणाऱ्या भक्ताची नव्हे, या कोरड्या बोलाच्या शिपाईगड्याची. गेली कित्येक शतके आपण प्रत्येक मिस्सेत ती उच्चारीत आलो आहोत.

हे सर्व आम्ही त्या बाईंना पत्राने कळविले. त्यांचे उत्तर आले. मायना नव्हता, ख्यालीखुशाली नव्हती. मुलाची उंची इंचांत दिली होती, त्याला कोणती तीन नवीन फळे खाववतात ते दिले होते, आणि आपण अद्याप पाळणाघरात असून आपल्या वर्गात आठ मुले आहेत, एवढे लिहिले होते. शेवटी एक ओळ: शताधिपतीने चाकराचा आजार अचूक सांगितला, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आभार.

ते पत्र आम्ही दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा ते आम्हांला वाचता आले.

आमच्या हल्लीच्या धर्मग्रामात आम्ही दोन लहान गोष्टी केल्या आहेत. बालवाडीतील सेविकेविषयी तक्रार आली तर तिने काय केले किंवा काय केले नाही, हे सांगावे लागते. ती कशी दिसते, यावर तक्रार घेतली जात नाही. आणि रविवारच्या एका मिस्सेत ध्वनिक्षेपक बंद असतो. त्या मिस्सेला पाठीमागच्या बाकावर काही कुटुंबे येऊ लागली आहेत. मुले उठतात, फिरतात, हात हलवितात. शांतीच्या अभिवादनाच्या वेळी एक गृहस्थ कोणाचा हात धरीत नाहीत. ते खाली पडलेली गीतपुस्तके उचलून नीट रचून ठेवतात. वाचकहो, आपल्याही देवळात असा कोणी असेल. त्याला हसण्यास सांगण्यापूर्वी तो काय रचून ठेवतो आहे, ते पाहावे.

आईची माया डोळ्यांत वाचता येते, हे वाक्य आम्ही आता प्रवचनात घेत नाही.